विसराळू ठरविलेल्या मुलाची स्मृती

इयत्ता तिसरीच्या वर्गात शिक्षक सांगतात, "गणिताचे पुस्तक काढा, चोविसावे पान उघडा, त्यातील तिसरे उदाहरण पाटीवर सोडवा आणि पाटी टेबलावर आणून ठेवा." बहुतेक मुले कामाला लागतात. एक मुलगा मात्र पुस्तक काढून तसाच बसून राहतो. थोड्या वेळाने तो शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहू लागतो आणि त्याबद्दल बोलणी खातो. काल ओळखलेले अक्षर आज त्यास ओळखता येत नाही. सकाळी म्हणून दाखविलेला पाढा दुपारी आठवत नाही. वर्ष सरता सरता त्याच्या नावापुढे शिक्षकाच्या मनात 'ढ' हा शेरा कायमचा बसतो, आणि मुलाच्या कानीही तो जातो.

हाच मुलगा संध्याकाळी गावच्या कळपातून आपल्या घरच्या शेळ्या अचूक वेचून काढतो. कोणती शेळी केव्हा व्याली, कोणत्या विहिरीस उन्हाळ्यात पाणी राहते, हे त्यास विचारावे. सप्ताहात मोठ्या माणसांच्या पंक्तीस बसून तो अभंग म्हणतो. अशा मुलाची स्मरणशक्ती मंद आहे, हे विधान कितपत खरे मानावे? अशी मुले बहुतेक शाळांत असतात. त्यांचे विसरणे नेमके कोठे घडते हे शिक्षकास कळले, तर वर्गातील पुष्कळशी व्यर्थ मेहनत वाचेल. आणि चौथी-पाचवीनंतर शाळेकडे पाठ फिरविणाऱ्यांपैकी काही मुले तरी शाळेत टिकतील.

ही जाणीव प्रथम ज्या नोंदीतून झाली, तीत एका शाळामास्तरांचा वाटा आहे, हे येथे सांगण्याजोगे आहे. इंग्लंडमधील सीफर्ड या गावचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ साली चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, हिशेब करीत असे, खेळात कोणाच्या मागे नव्हता. परंतु अनेक वर्षे शिकवूनही त्यास साधे शब्द वाचता येत नव्हते. स्वतःचे नाव लिहितानाही तो अक्षरांची अदलाबदल करी. त्याला शिकविणाऱ्या मास्तरांचे मत असे होते की, सारे शिक्षण तोंडी दिले असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. पुढे १९६३ साली अमेरिकेतील सॅम्युएल कर्क यांनी अशा मुलांच्या अडचणीस 'अध्ययन अक्षमता' ही संज्ञा दिली आणि ती रूढ झाली. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ज्या एकवीस प्रकारच्या अक्षमता मान्य केल्या, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. वाचन, लेखन अथवा गणित यांपैकी एखाद्या अंगातच मूल अडते. त्याची सर्वसाधारण समज शाबूत असते.

आता स्मृतीविषयी. स्मृती ही एकच शक्ती आहे व ती कोणास कमी, कोणास अधिक मिळते, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तिचे निदान दोन भाग पाडावे लागतात. दीर्घकाळ जपून ठेवणारी स्मृती ही घरातील कणगीसारखी होय. परंतु धान्य कणगीत जाण्यापूर्वी सुपातून जाते. ऐकलेले वा पाहिलेले काही क्षण मनासमोर धरून ठेवावयाचे व त्याच वेळी त्यावर काही काम करावयाचे, हे मनाच्या सुपाचे काम. अ‍ॅलन बॅडले व ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली या सुपाचे सविस्तर वर्णन केले. त्यास 'कार्यकारी स्मृती' असे म्हणतात. हे सूप कोणाचेच फार मोठे नसते. १९५६ साली जॉर्ज मिलर यांनी त्याची मर्यादा सुमारे सात गोष्टींची सांगितली; नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारांच्या आसपास आणली.

मुलांमध्ये यात पुष्कळ अंतर असते. सुसान गॅदरकोल व ट्रेसी अ‍ॅलोवे यांनी ब्रिटनमधील शाळांतून केलेल्या कामावरून असे दाखविले आहे की, सात-आठ वर्षांच्या तीस मुलांच्या वर्गात निदान तीन मुलांची कार्यकारी स्मृती चार वर्षांच्या मुलाइतकीच असते, तर निदान तिघांची अकरा वर्षांच्या मुलाइतकी असते. शिक्षकाची एकच सूचना अशा रीतीने एकास सहज पेलते व दुसऱ्याच्या सुपातून सांडून जाते. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांपैकी पुष्कळांचे सूप लहान असते. कित्येकांत शब्दांचे ध्वनी मनात टिकत नाहीत, म्हणून अक्षर व त्याचा उच्चार यांची गाठ पक्की बसत नाही. त्यांची कणगी मात्र ठीक असते. शेळ्या, विहिरी व अभंग तेथे सुखरूप पोहोचले, कारण ते थोडे थोडे, पुन्हा पुन्हा, अर्थासह व डोळ्यांसमोरच्या वस्तूंसह गेले.

सूप मोठे करता येईल काय, हा प्रश्न साहजिक आहे. त्यासाठी संगणकावरील खेळ निघाले, औषधांच्या व चूर्णांच्या जाहिरातीही निघतात. खेळांविषयीच्या प्रयोगांचा आढावा मोनिका मेल्बी-लेर्वोग व चार्ल्स ह्यूम यांनी २०१३ साली घेतला. त्यात असे आढळले की, मूल त्या खेळात तरबेज होते, परंतु वाचनात वा गणितात त्याचा लाभ दिसत नाही. चूर्णांवर पालकाने मोलमजुरीचा पैसा घालवू नये, एवढे शिक्षकाने त्यास स्पष्ट सांगावे. सूप आहे तेवढेच राहणार असे धरून चालावे. त्यात एका वेळी किती घालावयाचे, किती वेळा घालावयाचे व कणगीतून परत कसे काढावयाचे, हे मात्र सर्वस्वी शिक्षकाच्या हाती आहे.

प्रथम सूचनांचा विचार करू. आरंभी दिलेल्या वाक्यात चार कामे आहेत. ती एकेक करून सांगावीत; पहिले झालेले दिसले की दुसरे सांगावे. सांगितलेले काम मुलाकडून त्याच्याच शब्दांत वदवून घ्यावे. त्यास जे म्हणता आले नाही ते त्याच्यापाशी पोहोचले नाही, असे समजावे. यास अर्धे मिनिट लागते. तीच सूचना चार वेळा ओरडून सांगण्यास त्याहून अधिक वेळ जातो.

फळ्यावरून उतरवून घेणे हे काम आपण केवळ हाताचे समजतो. ते स्मृतीचेही काम आहे. मूल मान वर करते, काही अक्षरे मनात धरते, मान खाली घालते, वहीतील जागा शोधते, मनातील अक्षरे लिहिते व पुन्हा फळ्यावरील जागा शोधते. चांगले वाचणारे मूल एका खेपेत तीन-चार शब्द आणते. या मुलाच्या हाती एका खेपेत एकच अक्षर येते, आणि तेही 'घ' होते की 'ध' याची खात्री नसते. पाच ओळींसाठी त्यास शंभर खेपा पडतात. तोपर्यंत फळा पुसला जातो. अशा मुलाच्या पाटीशेजारी तोच मजकूर लिहिलेला कागद ठेवावा, अथवा त्यास पाचांऐवजी एकच ओळ लिहू द्यावी. बाराखडीची पट्टी, अंकांची पट्टी, आठवड्याच्या वारांचा तक्ता या वस्तू त्याच्या समोर असू द्याव्यात. पट्टी पाहून लिहिणे म्हणजे लबाडी, हा समज वर्गातून जावयास हवा. पट्टीमुळे सूप मोकळे राहते व त्यात विचारास जागा मिळते. ज्या दिवशी मुलास तिची गरज उरत नाही, त्या दिवशी ते तिच्याकडे पाहण्याचे आपोआप सोडते.

मराठी लिपीत व मराठी अंकांत या मुलांसाठी काही खास खाचखळगे आहेत. भ-म, घ-ध, ब-व, ट-ठ-ढ ही अक्षरे दिसावयास जवळची. ती एका आठवड्यात एकत्र शिकविली तर कायमची एकमेकांत मिसळतात. एक पुरते मुरल्यावर दुसरे काढावे. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारात मात्र ती मागाहून येते. संख्यांचे तर याहून अवघड. 'सत्तावन्न' म्हणताना सात आधी ऐकू येतात, लिहावयाचे मात्र पाच आधी. म्हणून मूल ७५ लिहिते. 'एकोणसाठ' या शब्दात साठ ऐकू येतात, आणि अंक ५ ने सुरू होतो. ऐकलेला अंक मनात धरून ठेवून दुसऱ्याची वाट पाहावयाची व मग क्रम उलटवावयाचा, हे सारे त्या लहान सुपातच घडावे लागते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनरीती आली तेव्हा राज्यभर वाद माजला. वादात कोणाची बाजू घ्यावी ते ज्याचे त्याने ठरवावे. परंतु असे मूल अडले असता 'सत्तावन्न म्हणजे पन्नास आणि सात' असे म्हणून मग लिहू देण्यात परंपरेची हानी होत नाही.

पाढ्यांविषयी थोडे विस्ताराने सांगणे जरूर आहे, कारण याच ठिकाणी अधिकांत अधिक मुले अपमानित होतात. पाढा सुरात म्हणण्याची आपली रीत चांगली आहे; सुराने स्मृतीस आधार मिळतो. परंतु त्यात प्रत्येक पायरी मागच्या पायरीला साखळीप्रमाणे अडकलेली असते. 'सात आठे' विचारले की मूल 'सात एके सात' पासून निघते, आणि मध्येच कडी निसटली की सर्व जाते. या मुलास सर्व पाढे घोकावयास लावण्यापूर्वी लक्षात ठेवावयाचे ओझे प्रत्यक्ष किती आहे, ते मोजून पाहावे. एक ते दहापर्यंतच्या पाढ्यांत शंभर गुणाकार आहेत. तीन चोक आणि चार त्रिक एकच, हे खड्यांच्या ओळी मांडून दाखविले की त्यांतून पंचेचाळीस गळतात व पंचावन्न उरतात. एकाचा व दहाचा पाढा म्हणजे पाठांतरच नव्हे. ते वगळता छत्तीस. दोनाचा पाढा दुप्पट करून येतो, पाचाचा घड्याळाच्या मिनिटांवरून व नाण्यांवरून येतो, मग एकवीस. नवाचा पाढा दहाच्या पाढ्यातून एकदा ती संख्या वजा करून मिळतो. सात नवे म्हणजे सत्तरातून सात गेले, त्रेसष्ट. शेवटी खरोखर लक्षात ठेवावयाचे उरतात ते अवघे पंधरा: तीनाचे तीन, चार, सहा, सात, आठ यांच्याशी, चाराचे चार, सहा, सात, आठ यांच्याशी, सहाचे सहा, सात, आठ यांच्याशी, साताचे सात, आठ यांच्याशी, आणि आठा आठे. शंभर व पंधरा यांतील हा फरक मुलास दाखविला म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरील ओझे उतरते. आठवड्यास एक-दोन या हिशेबाने हे पंधरा एका सत्रात होतात.

हे पंधरा गुणाकार, अथवा अक्षरे वा शब्द, कणगीत कायमचे कसे घालावेत? हेर्मान एबिंगहाउस या जर्मन विद्वानाने स्वतःवरच केलेले व १८८५ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग येथे उपयोगी पडतात. अर्थहीन अक्षरसमूह तो पाठ करी व किती काळाने किती विसरतो ते मोजी. एका तासातच निम्म्याहून अधिक मेहनत वाया गेलेली त्यास आढळली. पुढील विसरणे मात्र संथ होत जाते. त्याहून महत्त्वाची त्याची दुसरी नोंद अशी की, एकाच दिवशी सलग अडुसष्ट वेळा म्हटल्याने जो लाभ होई, तो तीन दिवसांत विभागून केवळ अडतीस वेळा म्हटल्याने मिळे. एकच शब्द पन्नास वेळा लिहून आणण्याची शिक्षा किती निरुपयोगी आहे, हे यावरून दिसेल. दहाव्या वेळेनंतर मुलाचा हात लिहीत असतो, मन तेथे नसते. शिवाय, २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने शारीरिक शिक्षेस व मानसिक त्रासास बंदी आहे, याचे विस्मरण होऊ नये.

दुसरा शोध अलीकडचा. अमेरिकेत हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली असे दाखविले की, एक उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांस पाच मिनिटांनी तो अधिक आठवतो. परंतु एका आठवड्यानंतर पाहिले असता, वाचून मग न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेलेले असतात. कणगीतून धान्य काढण्याची वाट पायाखालची झाली पाहिजे. नुसते भरत राहून ती होत नाही. हा प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता. लहान मुलाच्या, त्यातून अडलेल्या मुलाच्या बाबतीत शिक्षकाने एक काळजी घ्यावी. आठवण्यासाठी त्यास मनात पाच आकडे मोजण्याइतका अवकाश द्यावा. न आले तर पहिला ध्वनी सुचवावा. तरीही न आले तर उत्तर लगेच सांगून त्याच्याकडून म्हणवून घ्यावे. चुकीचे उत्तर तर्काने पुन्हा पुन्हा देऊ दिले, तर तेच पक्के होते. आणि हे सारे वर्गापुढे उभे करून करू नये. भीतीही सुपातच जागा अडविते. घाबरलेल्या मुलास येत असलेलेही आठवत नाही.

या दोन्ही गोष्टी एका साध्या डब्याने साधतात. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने ही रीत १९७२ साली प्रसिद्ध केली. चपलांचे रिकामे खोके घेऊन त्यात पुठ्ठ्याचे तीन कप्पे पाडावेत. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंच्या चिठ्ठ्या कापाव्यात. एका अंगास 'सात आठे', दुसऱ्या अंगास '५६'. अथवा एका अंगास अक्षर व दुसऱ्या अंगास त्या अक्षराने सुरू होणाऱ्या वस्तूचे मुलाने स्वतः काढलेले चित्र. पहिल्या कप्प्यातील चिठ्ठ्या रोज विचाराव्यात, दुसऱ्यातील दोन-तीन दिवसांनी, तिसऱ्यातील आठवड्यातून एकदा. उत्तर बरोबर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते. मूळ पद्धतीत चुकलेली चिठ्ठी थेट पहिल्या कप्प्यात येते. या मुलांसाठी ती एकच कप्पा मागे आणणे बरे, म्हणजे त्यांचा धीर खचत नाही. एका बैठकीस दहा चिठ्ठ्या पुरेत, आणि त्यांत नव्या तीनच असाव्यात. बाकीच्या सात ओळखीच्या असल्या म्हणजे मुलास आपल्याला येते हा अनुभव रोज मिळतो. त्यास हा अनुभव शाळेत क्वचितच मिळालेला असतो.

दोन शिक्षकांच्या शाळेत चार वर्ग सांभाळताना एका मुलासाठी एवढा वेळ कोठून आणावा, ही तक्रार खोटी नाही. दहा चिठ्ठ्यांस पाच-सात मिनिटे लागतात. हे काम परिपाठापूर्वी, अथवा पोषण आहाराच्या ताटांची मांडामांड चालू असता होते. ते शिक्षकानेच करावे असेही नाही. चौथीतील एखादी समजूतदार मुलगी ते उत्तम करते; फक्त हसावयाचे नाही व उत्तरासाठी थांबावयाचे, हे दोन नियम तिला नीट समजावून द्यावेत. डब्याचा उपयोग सर्व वर्गास केला तर एकट्या मुलावर बोट रोखले जात नाही, हाही लाभ आहे.

येथे सावधगिरीचा एक शब्द. विसरणारे प्रत्येक मूल अध्ययन-अक्षम नसते. ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर दिवाळीच्या सुमारास गेलेले मूल उन्हाळ्याच्या तोंडी परत येते, तेव्हा त्यास अक्षरे आठवत नाहीत. त्याचे कारण ती त्याने महिनोन्‌महिने पाहिलेली नसतात. घरी कोरकू, भिली, गोंडी वा गोरमाटी बोलणाऱ्या मुलास मराठी सूचना ध्यानात राहत नाही, कारण ती भाषा त्याच्या कानास नवी असते. कित्येक मुलांस फळा दिसत नसतो वा नीट ऐकू येत नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल त्या वेळी अशा मुलांची नावे आधीच काढून ठेवावीत व डोळे-कान प्रथम तपासून घ्यावेत. त्यानंतरही अडचण राहिली तर केंद्रप्रमुखांमार्फत विशेष शिक्षकांस कळवावे. अक्षमतेचे निदान करणे हे वर्गशिक्षकाचे काम नव्हे, आणि तसा शेरा त्याने स्वतःच्या मनानेही मारू नये. साहाय्य मात्र निदानाची वाट न पाहता सुरू करता येते. वर सांगितलेले उपाय ऊसतोडीहून परतलेल्या मुलासही तितकेच लागू पडतात.

पालकांशी बोलताना 'तुमच्या मुलाच्या डोक्यात काही राहत नाही' हे वाक्य उच्चारू नये. घरी काय करावे ते सांगावे, आणि तेही एकच: रात्री जेवणानंतर बहिणीने वा आजीने पाच चिठ्ठ्या विचाराव्यात व मुलास वेळेवर निजू द्यावे. दिवसा शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत होते. आजीस वाचता येत नसेल तरी बिघडत नाही. मुलाने चिठ्ठी वाचून उत्तर सांगावे व मागची बाजू पाहून ते खरे की खोटे ते आजीस सांगावे.

डब्याच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवून त्यावर प्रत्येक शनिवारी तिसऱ्या कप्प्यातील चिठ्ठ्यांची संख्या मुलाकडून लिहवून घ्यावी. प्रगतीची ही नोंद पुरेशी आहे. मे महिन्याच्या सुटीत ती संख्या घटेल. जूनमध्ये पहिले दोन आठवडे केवळ जुन्याच चिठ्ठ्या विचाराव्यात, नवी एकही घालू नये. वर्ग बदलला तर मुलाबरोबर तो डबाही पुढच्या वर्गाच्या शिक्षकांच्या हाती द्यावा, आणि कोणत्या चिठ्ठीवर ते मूल अजून अडते हे त्यांना समक्ष सांगावे.